आधी कुठली

पहिल्या दिवशी मी विचारलं, सुरुवात कुठून करू?
तोंडापासून आत, की आतून तोंडाकडे?
मिंगेल एका कुलपाला तेल पाजत होता.
म्हणाला, शाबी, तू ट्रकवाला.
तुला नंबर लागतो.

खरं होतं.
अठरा वर्षं नंबरातच गेली.
पहाटे तीनला काट्यापुढे रांग,
चिठ्ठीवर कधी चाळीस, कधी एकशे बारा,
पुढचा हलला की आपण हलायचं.
मग खाणी बंद झाल्या
आणि सगळ्यांनाच एकदम शेवटचा नंबर मिळाला.

कुडचडे स्टेशनजवळ मिंगेलचं खोकं.
दोन स्टुलं, तिसरा आला तर तो उन्हात.
शिकायला दिलेल्या कुलपाच्या पोटाला त्याने खिडकी पाडलेली,
आत पाच पिना, पाच स्प्रिंगा,
शाळेच्या फोटोतल्यासारख्या, लहानमोठ्या.

ताणाची पट्टी मी घरीच केली,
माझ्या ट्रकच्या वायपरमधली पाती काढून.
ट्रकला आता कसली काच पुसायचीय?
आरशावर कारल्याचा वेल गेलाय.

पहिले आठ दिवस पट्टी इतकी दाबली
की पाचही पिना रुसून बसल्या.
घाट चढतोस काय, मिंगेल म्हणाला,
आणि करंगळीखाली एक कुरमुरा ठेवला.
हा चिरडता कामा नये.
दुपारपर्यंत बारा चिरडले,
तेरावा मी खाऊन टाकला.

मग वहीत क्रम लिहायला लागलो.
एक दोन तीन चार पाच. नाही.
पाच चार तीन दोन एक. नाही.
तीन एक पाच दोन चार.
उघडलं!
तारीख घातली, खाली दोन रेघा ओढल्या.
त्याच कंपनीचं, त्याच खोक्यातलं दुसरं कुलूप
त्या क्रमाला जागचं हललं नाही.

मिंगेलने वहीवर चहाचा ग्लास ठेवला.
भोकं पाडताना मशीन चुकतं, म्हणाला,
केसाएवढं, दर वेळी निराळं.
तेवढ्या चुकीवर आपलं पोट.
म्हणून सगळ्या एकदम अडत नाहीत.
जी अडलीय तिला आधी उचल.
ती बसली की कुलूप जरासं फिरेल,
मग दुसरीच कोणीतरी अडेल.
निवडायचं नाही रे. चाचपायचं.
आणि एक बसवताना आधीची पडली तर?
तर पडली.

फाल्गुनात बँकेचा माणूस आला.
रिवणच्या वाटेवर काट्याची केबिन,
लिलाव आहे, किल्ली कुणाकडेच नाही.
मिंगेलचा गुडघा सुजलेला. तू जा, म्हणाला.

तीच केबिन.
पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही,
काट्याच्या फळीवर रानगवत.

कुलपात लाल धूळ. फुंकली, डोळ्यात गेली.
एक, सैल. दोन, सैल. तीन, सैल.
चार.
चार अडलेली, कुणाची तरी वाट बघून
ताठ झालेल्या मानेसारखी.
टिच्.
मग दोन. दोन बसताना चार निसटली.
बँकेच्या माणसाने घड्याळ पाहिलं.
मी पट्टी सोडली, सगळ्या खाली पडू दिल्या.
पुन्हा चार. दोन. पाच. तीन.
सगळ्यात शेवटी एक, तोंडाशीच बसलेली,
पहिल्या दिवशी मी जिच्यापासून सुरू करणार होतो.

आत सळईला टोचलेल्या चिठ्ठ्या,
वरची वाळवीने खाल्लेली,
नंबर कुणाचा ते कळेना.
बँकेच्या माणसाने नवं कुलूप लावलं, दोन किल्ल्यांचं.
जुनं मागितलं तर म्हणाला, सही करा.

बसस्टॉपवर चहाच्या डागाखाली लिहिलं,
चार दोन पाच तीन एक.
परत कधी उपयोग नाही. तरी लिहिलं.

सुलक्षाने कुलूप उलटसुलट करून पाहिलं.
किल्ली नाही, मग आणलंत कशाला?
म्हटलं, लाव कुठेही.
उघडायला मी आहे.